क्रम लावणारी माणसे

विद्यापीठांच्या दरबारात पहिले आसन संशोधकाचे, हा शिरस्ता आता इतका पक्का झाला आहे की त्याविषयी शंका काढणाऱ्याकडे लोक ज्ञानद्रोही म्हणूनच पाहतील. परंतु याच विद्यापीठांतून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आणि पुढे कारखान्यांत, रेल्वेत किंवा सरकारी खात्यांत हयात घालवलेल्या माणसांना आपल्या विषयातील चार-पाच नावे सांगा म्हटले, तर त्यांत संशोधकाचे नाव अभावानेच निघेल. टिमोशेंको, डेन हार्टोग, शिगली, खुर्मी, भंडारी ही नावे निघतील, आणि तीही माणसांची म्हणून नव्हे, तर वस्तूंची म्हणून निघतील. वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या रात्री ‘तुझा खुर्मी जरा दे’ असे म्हणणाऱ्या मुलाच्या मनात कोणा सद्गृहस्थाचे चित्र नसते. झिजलेल्या कडांचा, मधली शिवण सुटलेला एक जाडजूड ग्रंथ असतो. ज्या अध्यापकाचे नाव अशा रीतीने सामान्यनाम झाले, त्याच्या कारकिर्दीची नोंद कोणत्या रकान्यात करावी हे विद्यापीठांच्या दप्तरांना मात्र अद्याप नीटसे उमगलेले नाही.

पाठ्यपुस्तकावर नेहमीचा आक्षेप असा की ते उसन्या मालाचे दुकान आहे. सिद्धान्त दुसऱ्याचे, प्रयोग तिसऱ्याचे, आणि ग्रंथकर्त्याचे स्वतःचे काय, तर मांडणी. हा आक्षेप घेणाऱ्यांनी ‘मांडणी’ ही गोष्ट फारच स्वस्त समजली आहे. एखादा विषय कोणत्या क्रमाने मनात शिरू शकतो, कोणती कल्पना आधी हाती आल्याशिवाय दुसरी धरता येत नाही, हा क्रम निसर्गाने कोठे लिहून ठेवलेला नसतो. तो शोधावा लागतो, आणि तो शोधणे हे नव्या समीकरणाइतकेच, कधी कधी त्याहूनही अधिक, मौलिक कार्य आहे, असे माझे मत आहे.

याचा सर्वात ठसठशीत दाखला फ्रांझ रूलो या जर्मन प्राध्यापकाचा. १८२९ साली जन्मलेला हा गृहस्थ आधी झुरिकला आणि १८६४ पासून बर्लिनला अध्यापन करीत होता. त्याच्यापूर्वी यंत्रणांचे वर्गीकरण मुख्यतः गतीच्या रूपांतरावरून होत असे: वर्तुळाकार गतीची सरळ गती करणाऱ्या यंत्रणा एका सदरात, सरळीची वर्तुळाकार करणाऱ्या दुसऱ्या सदरात. १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या यंत्रगतिशास्त्राच्या ग्रंथात रूलोने हा सारा पसारा मोडला आणि सांगितले, की प्रथम दोन भागांमधला सांधा पाहा. अशा सांध्यांनी जोडलेल्या भागांची बंद साखळी पाहा. मग त्या साखळीतला एक दुवा जमिनीला पक्का करा, की यंत्रणा तयार झाली. चार दुव्यांची एकच साखळी घ्या, क्रँक, कनेक्टिंग रॉड, सरकता ठोकळा आणि त्याची चौकट. चौकट पक्की केली तर वाफेचे इंजिन होते. क्रँक पक्का केला तर धातू कापून झटकन मागे येणारी व्हिटवर्थची यंत्रणा होते. कनेक्टिंग रॉड पक्का केला तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात उभ्या असलेल्या शेपरची मागेपुढे धावणारी चाल मिळते. आणि सरकता ठोकळाच पक्का केला तर गावाच्या चावडीसमोरच्या हातपंपाचा दांडा डोळ्यांपुढे येतो. इंजिन आणि हातपंप हे सख्खे भाऊ आहेत हे तोवर इतक्या निखळपणे कोणी दाखवले नव्हते. हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेत गवसले नाही. वर्गात काय आधी सांगावे आणि काय मागून, या विवंचनेतून ते निघाले. आज सांगलीपासून सिंगापूरपर्यंत ‘थिअरी ऑफ मशीन्स’चे कोणतेही पुस्तक उघडा, पहिल्या प्रकरणात दुवा, जोडी, साखळी, यंत्रणा हाच क्रम दिसेल, आणि तो कोणाचा हे लिहिणाऱ्यासही बहुधा ठाऊक नसेल.

रूलोच्या कारकिर्दीचा शेवट मात्र त्याच्या कीर्तीला साजेसा झाला नाही. एकीकडे शुद्ध गणिताचे आणि दुसरीकडे मोठमोठ्या प्रयोगशाळांचे पुरस्कर्ते प्रबळ झाले, आणि केवळ व्यवस्था लावून देणारा हा माणूस दोन्ही पक्षांना जुनाट वाटू लागला. १८९६ साली तो निवृत्त झाला. (आपल्याकडच्या वाचकांसाठी एक तळटीपवजा गोष्ट: मेलबर्नच्या प्रदर्शनाहून परतताना १८८१ मध्ये त्याने हिंदुस्थानचा आडवा प्रवास केला आणि त्यावर एक प्रवासवर्णनही लिहिले. यंत्रांची व्यवस्था लावणाऱ्या त्या डोळ्यांना आमच्याकडचे रहाट, चाती आणि माग कसे दिसले असतील, हे मराठीत कोणी आणील तर उपकार होतील.)

परंतु ग्रंथकर्त्या प्राध्यापकाची कारकीर्द कशी घडते हे पाहायचे तर स्टीफन टिमोशेंकोकडेच वळले पाहिजे. १८७८ साली युक्रेनमधल्या एका खेड्यात जन्मलेला, पीटर्सबर्गच्या दळणवळण संस्थेत शिकलेला, गटिंगेनला प्रांटल यांच्या सान्निध्यात काम करून आलेला हा तरुण कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाला आणि तेथेच त्याचा पदार्थांच्या सामर्थ्यावरील पहिला अभ्यासक्रम १९११ साली ग्रंथरूपाने निघाला. त्याच वर्षी शिक्षणमंत्री कासो यांच्या धोरणाविरुद्धच्या निषेधपत्रावर सही केली म्हणून त्याला पदच्युत करण्यात आले. वय बत्तीस, पदरी संसार, हुद्दा गेलेला. संशोधनासाठी मिळालेल्या एका पारितोषिकाच्या रकमेने ते दिवस निभावले. पुढे पीटर्सबर्गला प्राध्यापकी, स्थितिस्थापकतेच्या सिद्धान्तावरचा दोन भागांतला ग्रंथ, मग राज्यक्रांती, यादवी, आणि १९२० मध्ये देशत्याग. झाग्रेबच्या पॉलिटेक्निकमध्ये तो रशियन भाषेतच, पण ओळखीचे झालेले क्रोएशियन शब्द जमतील तितके पेरून शिकवीत असे, आणि विद्यार्थ्यांना ते समजतही असे. १९२२ साली तो अमेरिकेत पोहोचला तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेली होती, आणि तेथे त्याच्यासाठी कोणत्याही विद्यापीठाने गालिचा अंथरलेला नव्हता. फिलाडेल्फियातील कंपनांचे काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आणि पुढच्या वर्षी पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस कारखान्यात त्याला नोकरी मिळाली.

या वेस्टिंगहाउसच्या चार वर्षांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते टिमोशेंकोच्या इंग्रजी ग्रंथसंपदेचे मूळ तेथे आहे. अमेरिकन अभियंत्यांची गणिताची तयारी त्याला फार तोकडी वाटली. तसे त्याने आपल्या आठवणींत स्पष्ट लिहिले आहे. पण या तोकड्या तयारीच्या मंडळींपुढे प्रश्न मात्र खरे होते: टर्बाइनची तबकडी कोठे तडकेल, दंड कोणत्या वेगाला थरथरू लागेल, कानाकोपऱ्याशी ताण किती चढेल. त्यांच्यासाठी त्याने दिवसाचे काम आटोपल्यावर व्याख्याने सुरू केली, आणि त्या व्याख्यानांतूनच लेसेल्स या सहकाऱ्यासह लिहिलेला ‘अप्लाइड इलॅस्टिसिटी’ हा ग्रंथ १९२५ साली कंपनीच्याच रात्रशाळेच्या छापखान्यातून बाहेर पडला. रात्रशाळेचा छापखाना हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. श्रोत्यांना परीक्षा नव्हती, गुणपत्रिका नव्हती. समजले नाही तर ते उठून घरी जाऊ शकत होते, आणि समजले तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा उपयोग करून पाहणार होते. वक्त्याच्या मांडणीची याहून कडक कसोटी कोणती असणार? पीटर्सबर्गचा गणिती आणि पिट्सबर्गचा मिस्त्री यांच्यामध्ये जी जागा मोकळी होती, ती या रात्रीच्या वर्गात भरून निघाली.

१९२७ साली मिशिगन विद्यापीठाने त्याला बोलावले आणि १९३६ साली स्टॅनफर्डने. त्यानंतर ग्रंथांची जी रांग लागली ती थक्क करणारी आहे: १९२८ ला कंपने, १९३० ला पदार्थांचे सामर्थ्य, १९३४ ला स्थितिस्थापकता, १९३६ ला स्थितिस्थापक स्थैर्य, १९४० ला पट्ट आणि कवचे, आणि १९५३ ला या साऱ्या शास्त्राचा इतिहास. अमेरिकेतील पहिला मोठा ग्रंथ निघाला तेव्हा ग्रंथकर्ता पन्नाशीला टेकला होता. तुळईच्या विचारात कातर-विकृतीची भर घालणारे त्याचे संशोधन आजही त्याच्या नावाने ओळखले जाते आणि ते निःसंशय मोठे आहे. पण त्याच्या नावाने पदक सुरू झाले, १९५७ साली त्याचा पहिला मानकरी तोच ठरला, यामागे त्या संशोधनाइतकेच, किंबहुना अधिक, त्या ग्रंथांवर पोसलेल्या एका अख्ख्या पिढीचे ऋण होते.

वेस्टिंगहाउसमध्येच टिमोशेंकोच्या हाताखाली आणखी एक ग्रंथकर्ता तयार होत होता. जावा बेटावर जन्मलेला आणि डेल्फ्टला विद्युत्-अभियांत्रिकी शिकलेला डेन हार्टोग १९२४ मध्ये कारखान्यात आला, १९३२ मध्ये हार्वर्डला गेला, आणि १९३४ मध्ये त्याचे ‘मेकॅनिकल व्हायब्रेशन्स’ निघाले. त्या पुस्तकात कंपन-शोषकाचा सिद्धान्त समजावताना तो न्हाव्याच्या हातातले विजेचे केस कापायचे यंत्र उदाहरणाला घेतो. त्या यंत्रातला विद्युत्-चुंबक सेकंदाला साठ आवर्तनांच्या प्रवाहावर एकशेवीस वेळा ओढतो. पाती त्याच लयीने हलतात आणि त्यांच्या प्रतिक्रियेने सबंध कवच हातात थरथरते. कवचाच्या आत एक छोटेसे वजन पातळ पट्टीवर असे बसवायचे, की त्याची स्वतःची लय नेमकी एकशेवीसची भरेल. मग थरथर ते वजन आपल्या अंगावर घेते आणि न्हाव्याचा हात निवांत राहतो. हा सिद्धान्त ऑर्मंड्रॉइड या सहकाऱ्याबरोबर त्याने १९२८ मध्येच मांडला होता. शोधनिबंध आणि पाठ्यपुस्तक यांत सोवळे-ओवळे नव्हते. एकच मनुष्य, एकच कल्पना, आणि मधले अंतर सहा वर्षांचे.

आपल्याकडे या गोष्टी निराळ्या वाटेने गेल्या, आणि त्याला कारणेही तशीच होती. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उगम १८५४ सालचा, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेचा १८८७ चा. पण ग्रंथ विलायतेहून यायचे, आणि देशी शिक्षकाने ते लिहावेत अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. याच ज्युबिली संस्थेत यंत्रचित्रकला शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बढतीच्या वेळी डावलले गेले म्हणून नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या दुकानाकडे वळले, ही कथा मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. त्या अन्यायातून देशाला नांगर आणि कारखाने मिळाले याबद्दल आपण कृतज्ञ असतो. पण असा हाडाचा शिक्षक वर्गातच राहिला असता तर यंत्रचित्रकलेचे एक अव्वल मराठी पुस्तक झाले असते की काय, हा विचार माझ्या मनात अधूनमधून डोकावतो.

स्वातंत्र्यानंतर परदेशी ग्रंथ स्वस्त झाले. ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने निघणाऱ्या सवलतीच्या आवृत्त्या, भारत-अमेरिका संयुक्त योजनेतील आवृत्त्या आणि मॉस्कोच्या ‘मीर’ प्रकाशनाचे कापडी बांधणीचे ग्रंथ पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात हारीने मांडलेले असत, आणि गरीब विद्यार्थ्यालाही टिमोशेंको घरी नेता येई. मात्र तो उघडल्यावर पौंड आणि इंच भेटत. १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान मापे पत्करली, कारखान्यांत किलोग्रॅम-बल रुळले, आणि ते रुळते न रुळते तोच न्यूटनाचे राज्य आले. एका अध्यापकाच्या हयातीत तीन मापनपद्धती उलटल्या. आमच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर ‘एस. आय. युनिट्स’ ही अक्षरे ग्रंथनामाइतक्याच ऐटीत का झळकतात, याचे रहस्य येथे आहे.

मापांपेक्षाही अवघड प्रश्न पोलादाचा होता. अमेरिकन ग्रंथातला दंड अमेरिकन क्रमांकाच्या पोलादाचा असतो. भोसरीतल्या दुकानदाराकडे तो क्रमांक सांगितला तर तो आपल्याकडे दयेने पाहील. त्याच्या तोंडी ‘ईएन आठ’ असते, जे युद्धकाळातल्या ब्रिटिश मानकांचे नाव आहे आणि आमच्या बाजारात अजून ठाण मांडून बसले आहे. भारतीय मानकाने त्याच जातीच्या पोलादाला ‘४०सी८’ म्हटले: कार्बन सरासरी शून्य पूर्णांक चार टक्के, मँगनीज शून्य पूर्णांक आठ. पुण्याच्या विश्वकर्मा संस्थेत अध्यापन केलेल्या प्रा. भंडारी यांच्या यंत्रघटक-रचनेवरील ग्रंथाचे खरे महत्त्व मला येथे दिसते. त्यांनी भारतीय मानके, भारतीय पदनामे आणि मॉड्यूलमधली दंतचक्रे एका सूत्रात ओवली, आणि विद्यार्थ्याने वर्गात काढलेली किल्ली निदान इथल्या मानकांच्या कोष्टकात सापडेल अशी सोय केली. याला कोणी संशोधन म्हणणार नाही. परंतु एका देशाचा रचनाशास्त्राचा व्यवहार दुसऱ्या देशाच्या कोष्टकांवरून उचलून आपल्या कोष्टकांवर आणून बसवणे हे काम शंभर शोधनिबंधांनी झाले नसते. कानपूरच्या आयआयटीतील घोष आणि मलिक यांचे यंत्रणाशास्त्र किंवा खरगपूरच्या नाग यांचे उष्मागतिकी हे ग्रंथ याच जातीचे. पण त्यांच्या पाठीशी त्या संस्थांची निवांत सावली होती, आणि ती सर्वांच्या वाट्याला येत नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा दिली आणि महाराष्ट्राच्या माळरानांवर इमारती उभ्या राहिल्या. इमारती उभ्या करणे सोपे होते. शिक्षक कोठून आणणार? गेल्या वर्षी पदवी घेतलेला तरुण या वर्षी फळ्यापाशी उभा राहिला, ही स्थिती अनेक ठिकाणी होती. अशा वर्गात पुस्तक हेच शिक्षक झाले. खुर्मी आणि गुप्ता यांच्या ग्रंथांवर नाके मुरडणाऱ्या विद्वानांनी हे लक्षात ठेवावे, की सोडवलेली उदाहरणे पायरीपायरीने, एकही आकडेमोड न गाळता मांडणारा तो ग्रंथ नसता, तर ज्याच्या घराण्यात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते असा लातूर-बीडकडचा मुलगा ‘टॉम’च्या, म्हणजे ‘थिअरी ऑफ मशीन्स’च्या, पेपरात तरला नसता. ती सेवा मोठी आहे आणि तिला तुच्छ लेखणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

तक्रार आहे ती त्यापुढच्या पायरीविषयी. विद्यापीठाने अभ्यासक्रमाचा नवा ‘पॅटर्न’ काढला की त्या पॅटर्नचे, त्याच युनिटांच्या क्रमाने, मागील प्रश्नपत्रिकांच्या उत्तरांसह पुस्तक सत्र सुरू होण्याच्या आत चौकात हजर होते. येथे क्रम लावणारा ग्रंथकर्ता उरतच नाही. क्रम अभ्यास-मंडळाच्या बैठकीत ठरलेला असतो, आणि ते मंडळ विषयाच्या स्वभावापेक्षा तासिकांच्या बेरजेकडे पाहून निर्णय घेते. पॅटर्न बदलला की पुस्तक रद्दीत जाते. टिमोशेंकोला वीस वर्षे एकाच पुस्तकावर हात फिरवता आला. आमच्या लेखकाला तीन-चार वर्षांची मुदत मिळते, आणि तीही प्रकाशकाच्या तगाद्याखाली.

आणि बढतीचे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील गुणांचे कोष्टक या बाबतीत उद्बोधक आहे. विज्ञान-अभियांत्रिकीतील एका शोधनिबंधाला आठ गुण. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला बारा. राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला दहा. म्हणजे सहा-सात वर्षे खपून, प्रत्येक उदाहरण तीन वेळा तपासून लिहिलेला आठशे पानांचा ग्रंथ हा सव्वा किंवा फार तर दीड निबंधाच्या तोलाचा. हा हिशेब समोर असताना जो हुशार तरुण प्राध्यापक ग्रंथ लिहायला बसेल त्याला एक तर विरक्त म्हटले पाहिजे किंवा व्यवहारशून्य. एका निवड समितीच्या बैठकीत मी स्वतः पाहिले आहे: उमेदवाराने टेबलावर ठेवलेला ग्रंथ चार सदस्यांच्या हातांतून फिरला, एकानेही तो मधून उघडला नाही, मात्र मागचा आयएसबीएन क्रमांक सर्वांनी पाहिला आणि प्रकाशक ‘राष्ट्रीय स्तरावरील’ असल्याचा दाखला जोडलेला नाही म्हणून प्रकरण पुढल्या बैठकीवर गेले. कोणाचीही नियत वाईट नव्हती. ग्रंथ वाचून त्याची पारख करण्याचा अखत्यार त्या कोष्टकाने त्यांना दिलेलाच नव्हता.

मराठीतून अभियांत्रिकी शिकवण्याचा जो नवा उपक्रम २०२१ पासून सुरू झाला आहे, त्यालाही हाच विचार लागू आहे. यंत्रविद्या देशी भाषेत शिकवण्याचा प्रयोग सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली स्थापन झालेल्या बडोद्याच्या कलाभवनाने पूर्वी केला होता, तेव्हा कल्पना नवी नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांत पुस्तके सिद्ध करण्याची योजना आखली हे योग्यच झाले. पण मराठी मुलाला शिकवताना अडखळलेल्या, फळ्यावरचे पुसून पुन्हा दुसऱ्या बाजूने सुरुवात केलेल्या शिक्षकाने लिहिलेले पुस्तक आणि मुदतीत पुरे केलेले रूपांतर यांत जो फरक पडतो, तो योजनेच्या कागदांत दिसत नाही. अशा शिक्षकाला दोन वर्षांची पगारी रजा देऊन, हाताशी एक कारखाना आणि एक संध्याकाळचा वर्ग देऊन बसवण्याचे औदार्य एखाद्या संस्थेने दाखवले, तर खर्च एका मध्यम प्रतीच्या प्रयोगशाळा-उपकरणाहून अधिक येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

ग्रंथकर्त्याच्या कारकिर्दीला निवृत्तीनंतरही एक भाग असतो, आणि तो फार विलक्षण आहे. शिगली १९९४ मध्ये वारले. त्यांच्या यंत्ररचनेच्या ग्रंथावर आता बुडिनास आणि निस्बेट यांची नावे लेखक म्हणून येतात आणि शिगली हे नाव लेखकाच्या जागेवरून उठून थेट शीर्षकात जाऊन बसले आहे. टिमोशेंकोच्या बाबतीत उलट घडले. स्थितिस्थापकतेचा ग्रंथ त्याचे जामात गुडियर यांनी पुढे चालवला, तेथे त्याचे नाव पहिलेच राहिले. पण स्टॅनफर्डच्या गीअर यांच्याबरोबर केलेल्या ‘मेकॅनिक्स ऑफ मटेरिअल्स’च्या पुठ्ठ्यावर आरंभी टिमोशेंको आणि गीअर, मग गीअर आणि टिमोशेंको, पुढे एकटे गीअर, आणि नंतर गीअर व गुडनो अशी नावे सरकत गेली. आतली बरीचशी मांडणी मात्र अजून ओळखू येते. आमच्याकडे अशी वारसाची रीत नीट रुजलेली नाही. ग्रंथकर्ता गेला की बहुधा प्रकाशक जुन्या ठशांवरच पुनर्मुद्रण करीत राहतो, मानके बदलतात, कोष्टके शिळी होतात, आणि नव्या आवृत्तीची जबाबदारी कोणा तरुण प्राध्यापकाकडे सोपवावी म्हटले, तर जुन्या ग्रंथाच्या संस्करणाला किती गुण धरायचे, या प्रश्नाशी येऊन गाडे अडते.